सहकारी बँकांचा एकसूत्री कारभार : वही एक झाली, ताबा कोणाचा?

(सहकारी बँक कर्मचारी व किसान कार्यकर्ते यांच्या संयुक्त अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

सहकारी बँकांच्या कार्यपद्धतीत एकसूत्रता आणण्याचा विषय वरकरणी अत्यंत रुक्ष वाटतो. खतावणी कोणत्या नमुन्यात ठेवावी, व्याज कोणत्या दिवसापासून आकारावे, कर्जाच्या अर्जात कोणते रकाने असावेत, दिवसअखेरची जुळणी कोणी करावी, या गोष्टी कारकुनी समजून चळवळीतील कार्यकर्ते त्या तज्ज्ञांवर सोपवतात आणि मोकळे होतात. ही उदासीनता परवडण्याजोगी नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. त्या वेळी सरकारनेच दिलेल्या माहितीनुसार देशातील किसान क्रेडिट कार्डावरील कर्जखात्यांपैकी ४१ टक्के, म्हणजे सुमारे ३ कोटी शेतकरी, या प्राथमिक संस्थांशी जोडलेले होते. आणि त्यांतील ९५ टक्के शेतकरी लहान व अल्पभूधारक होते. सहकारी पतपुरवठ्याच्या वहीत काय लिहिले जाते आणि ते कोण लिहितो, याचा संबंध थेट या ३ कोटी कुटुंबांच्या चुलीशी आहे. म्हणून हा प्रश्न वर्गीय दृष्टीने तपासणे अगत्याचे आहे.

भिन्नता कशी निर्माण झाली?

भारतात सहकारी पतपेढ्यांचा पहिला कायदा १९०४ मध्ये ब्रिटिश सरकारने केला. सावकारी पाशाविरुद्ध धुमसणारा असंतोष बोथट करणे हा त्यामागील एक उद्देश होता. १८७५ मधील पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचे उठाव राज्यकर्त्यांच्या स्मरणात होते. १९१२ च्या कायद्याने प्राथमिक संस्थांच्या वर मध्यवर्ती संस्था स्थापण्याची सोय झाली आणि कालांतराने गावची संस्था, जिल्हा मध्यवर्ती बँक आणि राज्य सहकारी बँक अशी तीन मजली रचना उभी राहिली. स्वतंत्र भारताच्या घटनेने सहकारी संस्था हा विषय राज्यांच्या सूचीत ठेवला. परिणामी प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, निबंधकाचे नियम वेगळे, लेखापरीक्षणाची पद्धत वेगळी. नावेही एक नाहीत. महाराष्ट्रात जी विविध कार्यकारी सेवा सोसायटी, तीच केरळात सेवा सहकारी बँक म्हणून ठेवी घेते आणि सोन्याच्या तारणावर कर्ज देते.

या विविधतेचा काही भाग स्वाभाविक आहे. कुट्टनाडमधील भाताचे पीक, विदर्भातील कापूस आणि कोल्हापुरातील ऊस यांचे हंगाम, खर्च व विक्रीच्या वेळा भिन्न असल्याने कर्जाचे वेळापत्रकही भिन्न असणारच. परंतु भिन्नतेचा दुसरा भाग निसर्गाने दिलेला नाही. जमीनदार, धनिक शेतकरी, व्यापारी आणि पुढे साखरसम्राट यांनी गावोगावच्या संस्था ताब्यात घेतल्या, तेव्हा अस्ताव्यस्त हिशेब ही त्यांच्या सोयीची गोष्ट ठरली. १९५४ मध्ये गोरवाला समितीने अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचा अहवाल दिला. त्यात १९५१-५२ मध्ये शेतकऱ्यांच्या एकूण कर्जापैकी जेमतेम ३ टक्के कर्ज सहकारी संस्थांकडून आणि सुमारे ७० टक्के सावकारांकडून आल्याचे आढळले होते. गावातील सत्ताधारी वर्ग आणि सहकारी संस्था यांचे लागेबांधे त्या अहवालालाही झाकता आले नाहीत.

अव्यवस्थेची किंमत कोण मोजतो?

एकसूत्रतेला सरसकट विरोध करणारांनी या प्रश्नाचे उत्तर प्रथम दिले पाहिजे. महाराष्ट्रातील प्रत्येक जिल्हा बँक कर्मचाऱ्याला आणि गटसचिवाला 'अनिष्ट तफावत' हा शब्द परिचित आहे. समजा, एखादी विकास सोसायटी जिल्हा बँकेला १ कोटी रुपये देणे लागते. पण त्याच संस्थेच्या खतावणीत सभासदांकडून येणे कर्ज ८० लाखच दिसते. मधल्या २० लाखांना ऋणकोच नाही. हा खड्डा अनेक मार्गांनी पडतो. बँक आणि संस्था यांचे व्याज आकारण्याचे दिवस आणि रीत भिन्न असते. वसुलीची रक्कम एका ठिकाणी आधी व्याजात जमा होते, दुसऱ्या ठिकाणी आधी मुद्दलात. वसुलीतूनच संस्थेचा खर्च परस्पर भागवला जातो. आणि कधी कधी संचालक व सचिव संगनमताने पैसाच गिळंकृत करतात. दोन्ही वह्या एकाच पद्धतीने लिहिल्या आणि दरमहा परस्परांशी ताडून पाहिल्या तर यांतील चूक कोणती आणि चोरी कोणती, हे महिन्याच्या आत कळेल. तसे होत नाही म्हणून वर्षानुवर्षे तफावत साचते. संस्था कर्ज देण्यास अपात्र ठरते आणि ज्याने आपले देणे वेळेवर फेडले त्या अल्पभूधारकालाही खरिपाच्या तोंडावर कर्ज नाकारले जाते. तो पुन्हा सावकाराच्या दारी जातो.

दुसरे उदाहरण तारखेचे आहे. केंद्राच्या व्याज सवलत योजनेप्रमाणे ३ लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जावर ७ टक्के व्याज आहे आणि मुदतीत परतफेड करणाऱ्यास त्यात आणखी ३ टक्के सूट मिळते. १ लाखाचे कर्ज वर्षभर वापरणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हा ३,००० रुपयांचा फरक आहे. सभासदाने मुदतीच्या शेवटच्या दिवशी सोसायटीत भरणा केला, पावती घेतली. पण सोसायटीने तो भरणा दोन दिवसांनी बँकेत केला. मग परतफेडीचा दिवस कोणता धरायचा? पावतीवरचा की बँकेच्या खात्यावरचा? सर्व बँकांना बांधील असा एक नियम असला पाहिजे आणि तो शेतकऱ्याच्या पावतीला प्रमाण मानणारा असला पाहिजे. नियम नसेल तर निर्णय काउंटरपलीकडे बसलेल्या माणसाच्या मर्जीवर राहतो. ती मर्जी बड्या बागायतदाराला अनुकूल आणि कोरडवाहू शेतकऱ्याला प्रतिकूल असते, हा खेड्यापाड्यांतील नित्याचा अनुभव आहे. बडा थकबाकीदार ३१ मार्चला कागदोपत्री 'नवेजुने' करून नियमित ठरतो. लहान थकबाकीदाराच्या दारावर मात्र जप्तीची नोटीस डकवली जाते.

नागरी बँकांची कथा याहून निराळी नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले आणि ठेवीदाराला स्वतःच्या खात्यातून सुरुवातीला अवघे १,००० रुपये काढण्याची मुभा ठेवली. बँकेच्या एकूण कर्जांपैकी सुमारे ७० टक्के रक्कम एका बांधकाम उद्योगसमूहाकडे अडकली होती आणि ती लपवण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट कर्जखाती दाखवली गेल्याचे तपासात पुढे आले. या बँकेत संगणक नव्हते असे नाही. परंतु तपासणीसाठी सादर होणारी यादी आणि बँकेच्या प्रत्यक्ष यंत्रणेतील खाती यांचा मेळ घालण्याची सक्तीची आणि स्वयंचलित पद्धत नव्हती. ९ लाखांहून अधिक ठेवीदारांनी, ज्यांत निवृत्त कामगार, रिक्षाचालक, गृहिणी होत्या, त्याची किंमत मोजली. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक एका खासगी लघु वित्त बँकेत विलीन झाली. सहकारी तत्त्वावर जमवलेली जनतेची ठेव अशा रीतीने खासगी भांडवलाच्या पदरात पडली.

कारभारातील शैथिल्य हे सहकार मोडू पाहणाऱ्यांच्या हातातील हत्यारही बनते. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी जाहीर झाल्यावर अवघ्या सहा दिवसांत, १४ नोव्हेंबर रोजी, रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास व बदलून देण्यास मनाई केली. खासगी व सार्वजनिक व्यापारी बँकांना मोकळीक आणि शेतकऱ्यांच्या बँकांना बंदी! बनावट नोटा ओळखण्याची साधने या बँकांकडे नाहीत, असे समर्थन सरकारतर्फे केले गेले. ऐन रब्बीच्या पेरणीत देशभरच्या शेतकऱ्यांचा पैसा गोठला. महाराष्ट्रातील जिल्हा बँकांकडे आधीच जमा झालेल्या नोटा महिनोन् महिने तिजोऱ्यांत पडून राहिल्या. केरळात मुख्यमंत्री आणि मंत्रिमंडळ १८ नोव्हेंबर २०१६ रोजी तिरुवनंतपुरम येथील रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयासमोर सत्याग्रहाला बसले. तो भेदभाव निषेधार्हच होता. परंतु सर्व जिल्हा बँकांची ग्राहक-ओळख, रोकड हाताळणी आणि दैनंदिन अहवाल यांची एकच भक्कम पद्धत असती, तर हे समर्थन एक दिवसही टिकले नसते.

यंत्र आणि यंत्राचा मालक

एकसूत्रता हवी, हे मान्य केल्यावर खरा वाद सुरू होतो. कार्ल मार्क्सने 'भांडवल' ग्रंथाच्या पहिल्या खंडात यंत्र आणि यंत्राचा भांडवली वापर या दोन गोष्टींत फरक केला आणि हा फरक ओळखायला कामगारवर्गाला काळ व अनुभव लागला, असे दाखवून दिले. लेनिनने ऑक्टोबर क्रांतीच्या उंबरठ्यावर, १९१७ मध्ये, मोठ्या बँकांची देशव्यापी हिशेबयंत्रणा ही समाजवादाला तयार मिळणारी गोष्ट मानली. ती मोडण्याऐवजी ताब्यात घेऊन लोकशाही करावी, अशी त्याची भूमिका होती. १९२३ च्या प्रारंभी सहकारावर लिहिताना त्याने राज्यसत्ता कोणत्या वर्गाच्या हाती आहे त्यावर सहकाराचा अर्थ ठरतो, हे स्पष्ट केले. एकच खतावणी एका व्यवस्थेत सभासदाच्या हिताचे रक्षण करते आणि दुसऱ्या व्यवस्थेत त्याच सभासदाला गिऱ्हाईक बनवून बाजारात उभे करते.

भारतातील बँक कर्मचाऱ्यांच्या चळवळीने हा धडा संघर्षातून घेतला आहे. संगणकाला प्रारंभी झालेला विरोध रोजगाराच्या रक्षणासाठी होता आणि तो न्याय्य होता. ८ सप्टेंबर १९८३ रोजी भारतीय बँक संघ आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाबाबत करार झाला. त्यातून यंत्र कोठे, किती आणि कोणत्या अटींवर यावे, हा वाटाघाटीचा विषय आहे, हे तत्त्व प्रस्थापित झाले. सहकारी बँकांत आज जी फेररचना चालू आहे, तिच्यात नेमके हेच तत्त्व बाजूला सारले जात आहे.

केंद्र सरकारची दिशा

सहकारी पतरचनेच्या पुनरुज्जीवनासाठी २००४ मध्ये नेमलेल्या वैद्यनाथन कार्यगटाने तोटा भरून काढण्यासाठी आर्थिक मदत, सामाईक हिशेबपद्धती आणि संगणकीकरण यांची सांगड घातली होती. त्या काळी राज्यांशी करार करून पुढे जाण्याची रीत निदान पाळली गेली. त्यानंतर घडलेल्या घटनांचा क्रम लक्षणीय आहे. २०२० मध्ये बँकिंग नियमन कायद्यात दुरुस्ती करून सहकारी बँकांच्या संचालक मंडळांवरील आणि भांडवल उभारणीवरील रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढवले गेले. जुलै २०२१ मध्ये केंद्रात स्वतंत्र सहकार मंत्रालय निर्माण झाले. जून २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक संस्थांना एकाच राष्ट्रीय संगणक प्रणालीत आणण्यासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. पुढे संस्थांची संख्या आणि खर्च दोन्ही वाढवण्यात आले. जानेवारी २०२३ मध्ये प्राथमिक संस्थांसाठी आदर्श उपविधी पाठवले गेले आणि बहुसंख्य राज्यांनी ते स्वीकारले. मार्च २०२४ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी राष्ट्रीय शिखर वित्त संस्थेचे उद्घाटन झाले. सामाईक तंत्रज्ञान व सेवा पुरवणे हे तिचे एक प्रमुख कार्य आहे.

यांतील प्रत्येक पाऊल सुटे पाहिले तर त्याचे समर्थन करता येईल. एकत्र पाहिले तर दिशा दिसते. राज्यसूचीतील विषय घटनादुरुस्तीने केंद्राच्या कक्षेत खेचण्याचा प्रयत्न ९७ व्या दुरुस्तीद्वारे झाला होता. राज्यांच्या विधिमंडळांची संमती न घेतल्यामुळे २० जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिचा राज्यांतर्गत सहकारी संस्थांना लागू होणारा भाग रद्दबातल ठरवला. जे घटनादुरुस्तीने साधले नाही, ते अनुदान, संगणक प्रणाली आणि आदर्श उपविधी यांच्या मार्गाने साध्य करता येते. ज्याच्या हाती नमुना, त्याच्या हाती निर्णय. अर्जात जो रकाना नाही, त्या माणसाला कर्ज नाही.

खंडाने जमीन कसणाऱ्या शेतकऱ्याचे उदाहरण घ्यावे. त्याच्या नावे सातबारा नाही. प्रमाणित अर्ज जमिनीच्या उताऱ्यावर बेतलेला असेल, तर प्रणाली त्याला पहिल्याच पायरीवर परत पाठवते आणि तेथे रदबदली करायला माणूसही उरत नाही. ज्या स्त्रीच्या नावे जमीन नाही पण शेती तीच करते, तिचीही तीच गत. हे अपरिहार्य नाही. आंध्र प्रदेशात २०११ मध्ये परवानाधारक कसणाऱ्यांसाठी कायदा करून कर्जपात्रतेची ओळखपत्रे देण्याची तरतूद झाली. केरळात कुटुंबश्रीच्या महिलांच्या संयुक्त दायित्व गटांनी खंडाच्या जमिनीवर शेती करून बँकांकडून कर्ज मिळवले. म्हणजे रकाना घालता येतो. तो घालायचा की नाही, हा राजकीय निर्णय आहे.

केंद्रीकरणाचा दुसरा धोका तांत्रिक भासतो, पण तोही मालकीचाच आहे. ३१ जुलै २०२४ रोजी शेकडो लहान बँकांना संगणकीय सेवा पुरवणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर सायबर हल्ल्याची छाया पडली. सुमारे ३०० बँकांचे देयक व्यवहार देशाच्या मध्यवर्ती देयक यंत्रणेपासून तात्पुरते तोडावे लागले. त्यांत बव्हंशी सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. एका पुरवठादाराच्या भिंतीला तडा गेला आणि दूरदूरच्या खेड्यांतील खातेदारांचे व्यवहार अडले. त्याआधी ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सायबर हल्ल्यात ९४ कोटी रुपये लुबाडले गेले होते. यावरून संगणक नकोत असा निष्कर्ष निघत नाही. सुरक्षिततेचा खर्च एकट्या लहान बँकेला झेपत नाही, म्हणून तो सामाईक असणे योग्यच आहे. परंतु सामाईक यंत्रणेची मालकी बँकांकडे सहकारी तत्त्वावर असावी. प्रणाली बदलण्याचा, माहिती आपल्या ताब्यात परत घेण्याचा आणि संकटकाळी हाताने व्यवहार चालवण्याचा हक्क व तयारी प्रत्येक बँकेकडे असावी.

केरळचा अनुभव

केरळच्या डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने वेगळा मार्ग घेतला. प्रा. एम. एस. श्रीराम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१७ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर जिल्हा सहकारी बँका राज्य सहकारी बँकेत विलीन करून तीन मजली रचनेतील मधला मजला काढण्याचे ठरले. उद्देश स्पष्ट होता : एक मजला कमी झाला की त्या मजल्यावरील व्याजाचा वाटा वाचेल, राज्याच्या जनतेची ठेव राज्यातच राहील आणि आधुनिक सेवा देण्याचे बळ प्राप्त होईल. २९ नोव्हेंबर २०१९ रोजी १४ पैकी १३ जिल्हा बँका मिळून केरळ बँक अस्तित्वात आली.

विलीनीकरणाच्या हुकमावर सही होते एका दिवसात. कार्यपद्धती एक व्हायला वर्षे लागतात. १३ बँकांच्या संगणक प्रणाली, कर्जमंजुरीच्या मर्यादा, ठेवींचे व्याजदर, शाखांचे अहवाल, कर्मचाऱ्यांची पदे, ज्येष्ठता आणि वेतनश्रेणी या सर्वांचा मेळ घालावा लागला. सेवाज्येष्ठतेची यादी हादेखील कार्यपद्धतीचाच भाग आहे, हे व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत सहसा आढळत नाही. कर्मचाऱ्यांना मात्र ते पहिल्या दिवशी कळते. मलप्पुरम जिल्हा बँकेच्या सर्वसाधारण सभेने विलीनीकरणाचा ठराव फेटाळला आणि ती बँक तीन वर्षे बाहेर राहिली. पुढे कायद्यात दुरुस्ती झाली, न्यायालयीन वाद झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये ती बँक केरळ बँकेत आली. ध्येय योग्य असले तरी संमतीचा प्रश्न केवळ कायद्याच्या कलमाने सुटत नाही, त्यासाठी सभासदांत जाऊन दीर्घकाळ काम करावे लागते, हा त्यातील बोध आहे.

केरळचा आणखी एक अनुभव डाव्या कार्यकर्त्यांनी डोळ्यांआड करता कामा नये. जुलै २०२१ मध्ये त्रिशूर जिल्ह्यातील करुवन्नूर सेवा सहकारी बँकेतील गैरव्यवहार उघडकीस आले. तिचे संचालक मंडळ डाव्या पक्षाच्या प्रभावाखालील होते. एकाच तारणावर पुन:पुन्हा कर्जे, सभासदांच्या नकळत त्यांच्या नावे कर्जे, असे गंभीर आरोप झाले. राज्य सरकारने संचालक मंडळ बरखास्त केले. ठेवीदारांना आपल्याच पैशासाठी वणवण करावी लागली. विरोधकांनी त्याचे राजकीय भांडवल केले, हे खरे. तथापि लाल बावट्याखाली निवडून आलेले मंडळ असले की हिशेब आपोआप निर्मळ राहतो, हा भ्रम त्या घटनेने मोडून काढला पाहिजे. तारणाच्या मालमत्तेची सामाईक नोंदवही असती आणि ती प्रत्येक कर्जमंजुरीपूर्वी तपासणे सक्तीचे असते, तर एकच जमीन अनेकदा तारण ठेवणे अवघड झाले असते. निष्ठेची जागा पद्धत घेऊ शकत नाही. पण पद्धतीची जागाही निष्ठा घेऊ शकत नाही.

काय एक असावे, काय भिन्न असावे?

या विवेचनातून चळवळीची भूमिका निश्चित होते. ज्या ज्या बाबतीत भिन्नता बड्यांना पळवाट देते, त्या सर्व बाबी एकसूत्री असाव्यात. खतावणीचे नमुने व हिशेबशीर्षे. व्याज आकारणीची रीत. परतफेडीचा दिवस ठरवण्याचा नियम. वसुली प्रथम मुद्दलात की व्याजात, याचा क्रम. संस्था आणि बँक यांच्या खात्यांची मासिक जुळणी. तारणांची सामाईक नोंदवही. थकीत कर्ज ठरवण्याचे निकष. संचालक आणि त्यांचे नातेवाईक यांच्या कर्जांची प्रकट यादी. तक्रार निवारणाची मुदत : या गोष्टी कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत एकच असण्यात कष्टकऱ्यांचे काहीही नुकसान नाही.

याउलट ज्या बाबतीत स्थानिक ज्ञान आणि स्थानिक लोकशाही हाच पतपुरवठ्याचा आधार आहे, तेथे वरून लादलेला साचा घातक ठरेल. दर एकरी पीककर्जाचे प्रमाण, हंगामाचे वेळापत्रक, दुष्काळ, अतिवृष्टी वा रोगराईच्या वर्षी कर्जाची पुनर्रचना, खंडकरी, आदिवासी, मच्छीमार, विणकर यांना सभासद करून घेण्याच्या अटी, नफ्याच्या विनियोगाचा निर्णय : हे अधिकार राज्य, जिल्हा आणि गावपातळीवरील निवडलेल्या संस्थांकडेच राहिले पाहिजेत. आणि भाषा ही सवलत मानता कामा नये. ज्या शेतकऱ्याच्या नावे कर्ज आहे, त्याला आपला खातेउतारा मराठीत, मल्याळमात, तमिळमध्ये, बंगालीत वाचता आला पाहिजे. जो हिशेब ऋणको वाचू शकत नाही, तो सावकाराच्या चोपडीहून फारसा वेगळा नाही.

कर्मचाऱ्यांचा प्रश्न

कोणतीही कार्यपद्धती अखेर माणसेच चालवतात. प्राथमिक संस्थेचा सचिव हा या साऱ्या रचनेचा पाया आहे. एकेका गटसचिवाकडे अनेक गावांच्या संस्था, तुटपुंजे आणि वारंवार थकणारे वेतन, निवृत्तिवेतनाची शाश्वती नाही, आणि आता त्याच्यापुढे संगणक ठेवून जुन्या वह्यांतील वर्षानुवर्षांच्या नोंदी त्यात भरण्याचे काम. चुकीची नोंद भरली गेली तर जबाबदार तोच. जिल्हा बँकांत नोकरभरती रोखायची, कंत्राटी मुलांकडून नोंदी करून घ्यायच्या आणि मग 'मानवी चुकांवर' खापर फोडायचे, हा प्रकार एकसूत्रतेला सुरुंग लावणारा आहे. जुन्या वहीतील प्रत्येक खाते संगणकात जाण्यापूर्वी सभासदाला दाखवून त्याची सही घ्यावी लागेल. हे काम वेळखाऊ आहे. त्याला कायम, प्रशिक्षित आणि पुरेसे मनुष्यबळ लागते. तो खर्च टाळून जुनी लबाडी यंत्रात भरली, तर ती केवळ अधिक वेगाने फिरेल आणि तिच्यावर अचूकतेचा शिक्का बसेल.

शिवाय कर्मचाऱ्याला नवी पद्धत नाकारण्याचा नसला, तरी तिच्या रचनेत बोलण्याचा हक्क हवा. अनिष्ट तफावत कोठे आणि कशी निर्माण होते, हे महानगरातील सल्लागार कंपनीपेक्षा तालुक्याच्या शाखेतील तपासनीसाला अधिक नेमके ठाऊक असते.

तातडीची कर्तव्ये

कॉम्रेड्स, सहकारी बँक कर्मचारी संघटना आणि किसान सभा यांनी हा प्रश्न एकत्र हाती घेण्याची वेळ आली आहे. कर्मचाऱ्याने केवळ वेतनकराराचे बघावे आणि शेतकऱ्याने केवळ कर्जमाफीचे, ही विभागणी सत्ताधाऱ्यांच्या पथ्यावर पडते.

पहिले, प्रत्येक विकास सोसायटीच्या वार्षिक सभेपूर्वी सभासदनिहाय येणे आणि बँकेचे देणे यांची तुलनात्मक यादी सूचनाफलकावर लावण्याची मागणी गावोगाव करावी. तफावत असेल तर तिचे कारण सभेत विचारावे आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.

दुसरे, संगणकात नोंदी भरल्या गेलेल्या प्रत्येक सभासदास त्याच्या भाषेत छापील खातेउतारा विनामूल्य मिळावा आणि हरकतीसाठी पुरेशी मुदत मिळावी.

तिसरे, खंडकरी आणि कसणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी अर्जात स्वतंत्र रकाना आणि त्यामागे कायद्याचे संरक्षण असावे, यासाठी राज्य विधिमंडळांवर दबाव आणावा.

चौथे, सामाईक यंत्रणेचे पुरवठादारांशी झालेले करार जाहीर व्हावेत; माहितीची मालकी सभासद आणि संस्था यांचीच राहील, तिचा व्यापार होणार नाही, अशी लेखी हमी घ्यावी.

पाचवे, पद्धती ठरवणाऱ्या प्रत्येक समितीवर, राष्ट्रीय पातळीपासून जिल्ह्यापर्यंत, कर्मचारी आणि शेतकरी संघटनांचे प्रतिनिधी असावेत. सचिव आणि कंत्राटी कर्मचारी यांना कायम सेवा, नियमित वेतन व प्रशिक्षण मिळावे.

सहावे, जेथे जेथे डाव्या कार्यकर्त्यांच्या हाती सहकारी संस्था आहेत, तेथे या मागण्या दुसऱ्याकडे करण्याआधी स्वतः अमलात आणाव्यात. संचालकांची कर्जे प्रथम जाहीर करावीत. त्याशिवाय बाकीच्या मागण्यांना गावात वजन प्राप्त होणार नाही.

सहकारी बँकांचा कारभार एकसूत्री होणार, हे आता निश्चित आहे. तो कोणत्या सूत्राने बांधला जाणार, हे मात्र निश्चित झालेले नाही. त्या सूत्राचे एक टोक नाबार्ड, रिझर्व्ह बँक आणि केंद्रीय मंत्रालय यांच्या हाती आहे. दुसरे टोक गावच्या सोसायटीच्या सभेत, गटसचिवाच्या टेबलावर आणि शाखेच्या काउंटरवर आहे. ते सोडून न देणे, हे संघटित कर्मचारी आणि शेतकरी यांचे आजचे काम आहे.